हुजुरांचा मज्जारज्जू आणि मागची खोली

लिहून देणार मी, वय चौपन्न, व्यवसाय वार्ताहर. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. आज कोणाच्याही दडपणाविना नमूद करतो की माझा मेंदू व पाठीचा कणा शाबूत आहेत. मुद्दाम सांगतो, कारण माझे कुत्रे, हुजूर, यांचे तसे नाही.

१. मागची खोली व अंगण सोडून राहते घर व पुस्तके भाचीला. अट एकच, हुजुरांना सांभाळावे. मागचे पाय लटपटतात, मान थरथरते; पोटाखालून टॉवेल घालून जिना उतरवावा लागतो. त्यांच्या डॉक्टरीणबाई 'आता पुरे' म्हणतील तेव्हा जाऊ द्यावे. भाचीने रडून मुदतवाढ मागू नये.

२. तदनंतर हुजुरांचा मेंदू व मज्जारज्जू पशुवैद्यक महाविद्यालयास तपासणीसाठी द्यावेत. आजार दुर्मीळ, झिजवणारा आणि आईबापांकडून आलेला, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. कुत्र्यांची पैदास करणारे माझे थोरले बंधू म्हणतात, "तूच लाड करून पांगळा केलास! माझ्या रक्तात खोट नाही." बंधूंच्या रक्ताविषयी कोणी बोललेच नव्हते.

३. त्यांनीच सोनेरी चौकटीत दिलेली हुजुरांची वंशावळ त्यांना परत. तीत वडील, मामा व आजोबा ही तिन्ही पदे एकाच कुत्र्याने भूषवली आहेत. एवढी कर्तबगारी आमच्या घराण्यात तरी नाही.

४. मागची खोली व अंगण बंधूंना हवे आहे. मिळेल, पण हुजुरांच्या सख्ख्या बहिणीपासून ते पिल्ले काढणार आहेत, तिची नसबंदी आधी करावी. दिसायला ती ठणठणीत आहे. दिसायला हुजुरांचे वडीलही होते. "मग खोलीच नको," असे बंधू म्हणाले. त्यांची तत्त्वनिष्ठा प्रथमच पाहिली.

पुरवणी. वरील मजकूर वाचून दाखवताच, साक्षीस आलेल्या वहिनींनी पेन खाली ठेवले.

"भावजी, तिचं ऑपरेशन मी परवाच करून आणलंय."

"आणि टाके?"

"ह्यांना सांगितलं, मांजरानं ओरबाडलं."

"पटलं त्याला?"

"तज्ज्ञ आहेत ना!"

सबब कलम ४ रद्द. खोली व अंगण वहिनींना. ज्याला लाभ, त्याची साक्ष चालत नाही. म्हणून त्यांचे नाव खोडले आहे. मी शस्त्रक्रियेतून उठलो, तर ही बातमी बंधूंना स्वतः देण्याचा हक्क राखून ठेवतो.

स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: १२ मार्च, सकाळ
लिहून देणार: (सही)

साक्षीदार
१. वहिनी (खोडले), त्यांच्या जागी शेजारचे शिंपी (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही, टाके यांनीच घातले, परवापासून गप्प होत्या)