चवळीच्या गाठींचा जाहीर पुरावा

३ डिसेंबर
‘तणनाशकाने फसवलेल्या माझ्या शेतकरी बंधू-भगिनींनो!’ जानेवारीतल्या मेळाव्याच्या भाषणाची सुरुवात पक्की. चवळीच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात, हवेतलं नत्र पिकाला फुकट देतात. तणनाशक त्या गाठी धरूच देत नाही. मेळावा माझ्याच मळ्यावर; व्यासपीठाशेजारचं माझंच रोप उपटून दाखवणार.
बायकोने, जानकीने, माहेरची, तिच्या आईकडची लाल चवळी दिली, होती तेवढी सगळी. आता गावात कुणाकडे नाही म्हणते. ‘आवशीचा बियाणा आसा. मूठभर तरी माका परत व्हया.’ मूठभर? पायलीभर देईन.

६ डिसेंबर
मळ्यात तण गुडघाभर. खुरपणीच्या बाया देवबागला होमस्टेत कामाला. मीच खुरपणार. रोज दोन तास.

७ डिसेंबर
वीस मिनिटं. कंबर.

८ डिसेंबर, सकाळी ६
तणनाशक मारलं. एकदाच. पेरणीआधी मारलेलं धरत नाहीत. शिवाय शत्रूचा अभ्यास हवा.

११ डिसेंबर
पेरणी. तणनाशकाच्या डब्यावर पेरणीआधी थांबायचे दिवस जास्त लिहिलेत. ते आळशी लोकांसाठी.

३० डिसेंबर
चवळी पिवळी. जानकीने विचारलं, ‘पेरणीआधी त्या दिवशी फवारणीचो पंप कित्याक ओलो होतो?’ मी हवामानबदलावर बोललो. तिने ऐकून घेतलं.

२ जानेवारी
युरिया टाकला, म्हणजे विकतचं नत्र. आजाऱ्याला सलाईन लावतात, त्याला कुणी व्यसनी म्हणत नाही.

१८ जानेवारी
मळा हिरवागार. शेजारच्या राधाबाईची पांढरी चवळी तणात, खुजी. भाषणात वाईट उदाहरण म्हणून घेतो.

२५ जानेवारी
मेळावा. टाळ्या भरपूर. रोप उपटलं. गाठ एकही नाही. दुसरं उपटलं. तिसरं. पुढच्या रांगेतून गावातला सत्यवान ओरडला, ‘गुरुदासानू, मुळां दात घासल्यासारी साफ आसत!’ कृषी सहायक अक्षया मॅडमनी हळूच विचारलं, तणनाशक? वर युरिया? म्हणालो, प्रश्न शेवटी घेऊ. शेवट केलाच नाही.

२७ फेब्रुवारी
पाला कमरेएवढा. शेंगा अकरा, दाणे पोचट. जानकीने सुपात घेऊन पाखडले. सूप रिकामं झालं. सूप भिंतीला टेकवून ठेवलं. मला काही वाटलं नाही. नुसता बसून राहिलो.
दुपारी ग्रामपंचायतीच्या फलकासाठी कागद लिहिला. माझं सगळ्यात छोटं भाषण:
बंधू-भगिनींनो, तणनाशक मी मारलं होतं. कुणाकडे लाल गावठी चवळी उरली असेल, तर मूठभर बी आमच्या घरी आणून द्या. माझ्या हातात नको. जानकीच्या हातात द्या.