लेबल नसलेली रेकॉर्ड

रविवार, ३ ऑक्टोबर १९७६

नेरेइदा नाचली. आणि माझ्या बॅंडवर नाही!

दुपारच्या नाचात आमची नऊ माणसं बियर प्यायला खाली उतरली की मालक डॉन अन्सेल्मो हॉलमध्ये रेडिओ लावून ठेवायचा. आज त्याने रेडिओच्या जागी कर्टिसला उभं केलं. हा कर्टिस बसडेपोत नोकरी करतो. एक टेबल, दोन रेकॉर्ड-प्लेअर, संपला बॅंड! मी जिन्यातून वर आलो तर फ्लोअरवर पाय ठेवायला जागा नाही, आणि ऐन मध्यभागी माझी बायको, चपला हातात घेऊन.

पोन्से गावाहून दोन टिंबाली ढोल काखोटीला मारून आलो, सहा वर्षं हॉटेलात भांडी घासली, तेव्हा कुठे ब्राँक्समध्ये वाद्यांचं दुकान आणि दारावर माझ्या नावाची पाटी आली. आणि हॉलबाहेर आज ‘डिस्को’ लिहिलंय — माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात.

बुधवार, ६ ऑक्टोबर

नेरेइदा भात ढवळताना पळीने पातेल्यावर तोच रविवारचा ताल धरते. मी म्हटलं, “नऊ माणसं घाम गाळतात गं. तो नुसती सुई ठेवतो.”

“सुईच ठेवतो. पण कुठे ठेवायची ते त्याला कळतं.”

“असं काय आहे त्यात?”

“मला काय माहीत? ती काउबेलची घंटा सुरू झाली ना लालो, की पाय माझं ऐकतच नाहीत. तुझी-माझी नवी ओळख होती तेव्हा व्हायचं तसं.”

जेवण गेलं नाही.

रविवार, १० ऑक्टोबर

आज कर्टिसला पूर्ण तास. डॉन अन्सेल्मो खांद्यावर हात टाकून म्हणाला, “महिनाअखेरीला ठरवतो, लालो. रविवार एकाचाच. तो की तू.” वीस वर्षांची ओळख!

मी कान देऊन ऐकलं. सगळी जादू एकाच रेकॉर्डची. गाणं मध्येच थांबतं आणि नुसता ताल उरतो — कोंगो ढोल आणि काउबेल. जेमतेम वीस सेकंद. पण कर्टिसकडे त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती! इकडचं संपलं की तिकडचं, तिकडचं संपलं की इकडचं. वीस सेकंदांची दहा मिनिटं करतो लेकाचा. गाणं लावतच नाही. आणि लोक असे किंचाळतात की त्या वीस सेकंदांची सुरुवातही धड ऐकू येत नाही.

टेबलाजवळून सहज गेल्यासारखं करून रेकॉर्डवर नजर टाकली. लेबलच नाही! मध्यभागी नुसता काळा गोल.

“मिस्टर लालो, नाव शोधताय?” कर्टिस हसला. “बाथटबमध्ये रात्रभर भिजवून काढलं. आम्ही रेकॉर्ड लावणारे सगळेच काढतो. नाहीतर उद्या प्रत्येक टेबलावर हीच वाजेल.”

“मला काय करायचंय नाव? मी वाजवणारा माणूस.”

“म्हणून तर तुमच्यापासून जपायचं!”

गुरुवार, १४ ऑक्टोबर

तीन रेकॉर्डच्या दुकानांत जाऊन काउंटरवर बोटांनी तो ताल वाजवून दाखवला. या वयात! तिसऱ्या दुकानातली बाई म्हणाली, “बाबा, वाजवता छान. पण नाव सांगा ना.”

शनिवार, १६ ऑक्टोबर

तालमीत म्हटलं, आपणच वाजवू ते वीस सेकंद. मी काउबेल घेतली. आमचा बासवाला पापो डोळे मोठे करून बघत राहिला. “अरे, हुबेहूब! नक्कल करावी तर तू!”

नक्कल. हा शब्द दिवसभर दातात अडकलाय.

रविवार, २४ ऑक्टोबर

लिहू की नको? लिहितो. इथे कोण बघतंय!

कर्टिस तळलेले पास्तेलियो खायला बाहेर गेला. टेबलावर दोन काळे गोल. एक उचलला आणि टिंबालीच्या पेटीत टाकला. हात थरथरला नाही, याचीच लाज वाटते.

त्याने उरलेली प्रत लावली. वीस सेकंद — आणि संपलं! दुसऱ्या प्लेअरवर काहीच नाही. तो पेट्या उपसतोय, टेबलाखाली वाकून बघतोय. हॉलभर शिट्ट्या. डॉन अन्सेल्मोने मला खूण केली, आम्ही धडाक्यात सुरू केलं. लोक नाचले. पुढचे रविवार बहुतेक माझेच.

नेरेइदा खांबाला टेकून उभी होती. चपला पायातच.

सोमवार, २५ ऑक्टोबर

कर्टिस दुकानात! मी टिंबालीची पेटी काउंटरखाली सरकवली. पण त्याला माझा संशयच नाही.

“मिस्टर लालो, तुमचे कान सगळीकडे असतात. कुणाच्या टेबलावर ती वाजली तर कळवाल? चोराला सोडणार नाही मी.”

“दुसरी घे की.”

“मिळत नाही. कधी खपलीच नव्हती, भंगाराच्या खोक्यात सापडल्या दोन. पाकिटाच्या मागे चार नावं आहेत, पण वाजवणाऱ्यांचं एकही नाही.” मग जरा घुटमळला. “तो काउबेलवाला ना... दोन वर्षं शोधतोय त्याला. आधी कुणीतरी स्पॅनिशमध्ये ओरडतं, ते मला कळत नाही. भेटला तर एकदा हात मिळवायचाय.”

मी त्याला कॉफी पाजली. दुसरं काय पाजणार!

मंगळवार, २६ ऑक्टोबर

भरदुपारी दुकानाचं दार लावून रेकॉर्ड पहिल्यापासून ऐकली. गाणं ठीकठाक. मग सगळे थांबतात आणि एक घोगरा आवाज: “लालो, आता तू!”

मोंची. माझा कोंगोवाला. तीन वर्षं झाली त्याला जाऊन.

लगेच माझीच काउबेल — चिरलेली, डाग दिलेली, शेवटी जरा खरखरणारी. मोंचीच्या शवपेटीत मीच ठेवली होती ती. एकाहत्तर साली कुठल्यातरी तळघरात एका दुपारचं रेकॉर्डिंगचं काम, रोख मजुरी, गाणं कुणाचं तेही विचारलं नव्हतं.

पुन्हा लावली. मागच्या खोलीतून नेरेइदा आली, ओल्या हातांनीच, अनवाणी.

कर्टिस दोन माणसांना शोधतोय — चोराला आणि काउबेलवाल्याला. दोघांचा पत्ता एकच आहे.