डोंगराकडून आलेलं विमान

इघिल गाव,
९ जून १९८७

ती. तसादितताईस,
अकलीचा सलाम, वि. वि.

आपली आई, यम्मा, पोचल्याची तार मिळाली असेल. तिचा डोळा फारच छान झालाय. माझ्या बायकोच्या पातेल्याच्या बुडाची काजळीसुद्धा तिला आता दिसते, त्यामुळे घनीमा तुमच्या मार्सेच्या डॉक्टरला रोज शिव्या घालते. पोरं मजेत आहेत.

आता खरं लिहितो. हे भावजींना दाखवू नकोस.

आमच्याकडे वारा बहुतेक डोंगराकडून वाहतो, म्हणून विमानं समुद्रावरून येतात आणि त्यांना मी टॉवरमधून डोळे झाकून दोन हजार फुटांपर्यंत खाली येऊ देतो. यम्मा आली त्या दिवशी वारा फिरला, समुद्राचे ढग आत घुसले आणि विमान डोंगराच्या बाजूने आणावं लागलं. त्या बाजूला, आपल्या गावामागची डोंगरधार ओलांडेपर्यंत कुणाला पाच हजारांच्या खाली सोडायचं नाही, हे मी झोपेतही सांगेन. पण विमान आमचा तरुण वैमानिक लुनिस चालवत होता. आमची रीत तुला ठाऊकच आहे, घरचं माणूस विमानात असलं की वैमानिक त्याचा निरोप टॉवरला देतो. लुनिसने हसत कळवलं की तुझी आई विचारतेय, पोरगा जेवला का. मी सांगितलं की तिच्या हातचं खायला उपाशी बसलोय, आणि त्याच हसण्याच्या भरात त्याला दोन हजारांवर यायला सांगून बसलो. नियमाप्रमाणे त्याने आकडा परत म्हणून दाखवला. मी बरोबर म्हटलं.

ढगात त्याला काही दिसत नव्हतं. जमीन जवळ आल्याची विमानातली घंटी वाजली म्हणून त्याने विमानाचं नाक वर खेचलं, नाहीतर सगळं संपलं होतं. विमान गावावरून गेलं तेव्हा अंजिराची झाडं हलली म्हणतात. बायका पोरांना घेऊन बाहेर पळाल्या.

ताई, यम्मा गावभर सांगत सुटली आहे की माझ्या लेकाने टॉवरमधून विमान वर उचललं. या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ती नवसाचा बैल कापून सगळ्या गावाला माणशी मांसाचा वाटा देणार आहे. आणि दुसऱ्या दिवशी चौकशी आहे. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या दिवसाच्या आमच्या बोलण्याची टेप खराब निघाली, तेव्हा मी पाच हजार सांगितले होते एवढंच म्हण, बाकी आपोआप त्या वैमानिक पोराच्या गळ्यात पडेल. लुनिसला तर आधीच घरी बसवलंय. मला अन्न जात नाही. यम्मा लोकांसमोर माझं कौतुक करते तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं वाटतं. काय करू, सांग.

तुझ्या मायेची आज फार गरज आहे.
तुझा,
अकली


मार्से,
१७ जून

चि. अकलीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. फाडून चुलीत घातलं, तेव्हा ती काळजी सोड.

मोठी बहीण म्हणून हुकूम करते, तोंड बंद ठेव. दोन लेकरांचा बाप आहेस, तुरुंगात बसायला मोकळा नाहीस. तो लुनिस एकटा जीव आहे, त्याला कुठेही काम मिळेल. मी दुष्ट झाले आहे म्हण हवं तर. लहानपणी काकांचं गाढव सोडून दिलंस तेव्हा मार मी खाल्ला होता, तसा आता मला खाता येत नाही एवढंच माझं दुःख आहे.

यम्माला तर कधीच कळू देऊ नकोस. निरोपामुळे झालं असं कळलं तर ती हाय खाईल. आणि ऐक, निरोप द्यायची अक्कल तिला इथल्या विमानतळावर मीच शिकवली होती. ती लाजत होती. मीच म्हटलं की वैमानिक भला पोरगा दिसतो, सांग त्याला. तेव्हापासून मी काय भोगतेय ते मलाच माहीत.

जेव रे बाबा. जेवतोस की नाही ते मी घनीमाला पत्र लिहून विचारीन.

तुझ्यावर जीव टाकणारी,
तसादित


इघिल गाव,
२८ जून

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

तुझा हुकूम शुक्रवार दुपारपर्यंत पाळला.

यम्माने मला न विचारता लुनिसच्या आईला जेवायला बोलावलं होतं. बाई शहरातून बसने आली. सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात धरून म्हणाली की तू माझ्या लेकाचा जीव वाचवलास, आता उद्या चौकशीत एक शब्द टाक आणि त्याला पुन्हा उडू दे, तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मग ती माझ्या हातांची चुंबनं घेऊ लागली. ताई, मला ते सोसलं नाही. मी तिथेच सांगून टाकलं, आकडा, हसणं, निरोप, सगळं. विमान वाचवलं ते तुझ्या लेकाने, आमच्या यम्माच्या नाही, असं म्हणालो.

 घरोघरचे वाटे फळीवर मांडलेले होते. यम्माने आमच्या घरच्या वाट्यातून माझा उचलला, फडक्यात बांधला आणि त्या बाईच्या हातात दिला, म्हणाली की हा तुझ्या लुनिसचा. मग मला एवढंच म्हणाली की उद्या तिथेही असंच बोल.

काल बोललो. साहेबांचं टेपचंही सांगितलं. लुनिसला परत घेणार आहेत. माझा टॉवर गेला, खटला होणार. पुढे पोरांना काय खायला घालायचं, मला खरंच सुचत नाही. तू चिडशील, चिड.

संध्याकाळी घरी आलो. यम्मा चुलीपाशी बसली होती. तिने नव्या डोळ्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापू लागली. ताई, जन्मात पहिल्यांदा तिने मला जेवलास का म्हणून विचारलं नाही.

तुझ्याकडचा माझा वाटा तेवढा राहू दे.

तुझा,
अकली