सासूबाईंच्या घशाचं चाटण

प्रिय नमिताताई हिस,

माहुलहून कल्पिताचा वाकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? भावजींची शुगर? इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, तू विश्वास ठेवू नकोस. फोन न करता पत्र का, तर तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि तुझे सासरे टीव्ही बंद करून ऐकतात. अल्पेश टेम्पो घेऊन दिंडोशीला येईल तेव्हा हे तुझ्या हातात देईल. (आपलाच भाऊ आहे, पण पाकीट चिकटवूनच देते.)

ताई, माझी पार वाट लागलीय. उद्या बाजाराची सभा आहे. आमचा मासळीबाजार पाडून नवा बांधणार, आणि त्यात मासेवाल्या बायकांना वरच्या मजल्यावर बसवणार म्हणतात. बर्फाची टोपली डोक्यावर घेऊन जिने कोण चढणार, आणि चार बोंबलांसाठी गिऱ्हाईक तरी वर कशाला येणार? साहेब लोक म्हणणं ऐकायला येतायत. बायकांनी एकमताने ठरवलं होतं की बोलायचं सगुणाबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी. तो आवाज तू माझ्या लग्नात ऐकलायस. (बँड बंद पडलाय का, असं विचारलं होतंस. नव्हता पडला.)

तर नेमका सभेच्या तोंडावर त्यांना खोकला झाला आणि आवाज घोगरा झाला. हर्षद म्हणाला, आईला डॉक्टरकडे घेऊन जा. पण मी अतिशहाणी ना! मोबाइलवर एक बाई रानपाल्याची औषधं सांगते, ती मी पावसाळ्यासाठी बोटी बंद झाल्यापासून बघतेय. बाजारात नुसतं सुकं, हाताला काम नाही, दुसरं करू काय? ती म्हणाली, या दिवसांत जमिनीतून वर येणारा कोंब मधात वाटून चाटला की घसा मोकळा. मागच्या रविवारी मी तुझ्याकडून जरा पाय मोकळे करून येते म्हणून गेले आणि चिखलाने माखून आले, आठवतं? पाय मोकळे करत नव्हते गं. तुझ्या मागच्या टेकडीवर कोंब उपटत होते.

आता माझी अक्कल ऐक. आपण कोळ्याच्या पोरी, पापलेट आणि हलवा डोळे मिटून ओळखू, पण हिरवं दिसलं की सगळा पालाच. म्हणून मी कोंब मासळीसारखा पारखला. दाबून बघितला, टणक. वास घेतला, ताजा. अंगाला चकाकी. म्हणजे झकास माल! घरी आणून अडुळशाच्या पानांसकट वाटला, मध घातला आणि वाटी सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि दोन मोठे चमचे गिळले.

चहा उकळेपर्यंत त्यांनी गळा धरला. जीभ सुजली, डोळ्यांतून धारा, तोंडातून शब्द फुटेना. ताई, वाटलं, मारली मी सासू. रिक्षात मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने रडत होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बराच वेळ समोर बसवून ठेवलं, मग मी पदरात बांधून नेलेला कोंब बघून म्हणाले, अहो, ही शेवळं! काकडाची आंबट फळं घालून नीट शिजवली तर भाजी, कच्ची खाल्ली तर घशाला आग. जिवावरचं टळलं, पण सूज उतरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. (मला काय काय म्हणाले ते लिहीत नाही.)

तेव्हापासून घरात चिडीचूप. सासूबाई बोलत नाहीत, झाकणं आपटतात. बाजारातली शकुमावशी लगेच पुढे सरसावली, मी बोलते म्हणून. पण ती उभी राहिली तर स्वतःची कोपऱ्यातली जागा पक्की करून खाली बसेल, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून काल बायकांनी ठरवलं, जिने आवाज घालवला तिनेच बोलावं. मी! लग्नात नाव घ्यायला उभी केली तर हर्षदचंच नाव विसरलेली मी! माझ्यापायी बायकांची जागा गेली तर या गल्लीत तोंड कसं दाखवू? देवीला माझ्यासाठी नारळ बोल. एवढंच मागणं आहे.

तुझी,
कल्पिता

ता. क. अल्पेशचा टेम्पो बिघडला, तो आला नाही, तोवर सभा होऊनही गेली. टेबल घट्ट धरून उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. मग रागच आला आणि साहेबांना म्हटलं, भरलेली टोपली बाहेर ठेवलीय, ती घेऊन हा एक जिना चढून दाखवा, आम्ही उद्यापासून वर बसतो. कोणी उठलं नाही. सासूबाई बाजूला गप्प बसून साहेबांकडे टक लावून बघत होत्या. ते बिचारे शिव्या खायच्या तयारीने आले होते, गप्प बसलेल्या सगुणाबाईंचीच त्यांना जास्त धडकी भरली. खालच्या मजल्याचा विचार करतो म्हणाले. नक्की काय ते पुढच्या सभेत.

दुसरा ता. क. हे मात्र कुणाला वाचून दाखवू नकोस. येताना रिक्षात सासूबाई बोलल्या! आवाज कालच आला होता म्हणे. आणि शेवळं त्यांनी वासावरूनच ओळखली होती. लग्नाआधी कर्जतकडे सुकट विकायला जायच्या, तिथे कितीदा खाल्लीत. मग गिळलीत कशाला, मी ओरडलेच. तर खाली बघून म्हणाल्या, "मना माईकचा भ्याव वाटतं गो." आख्खा बाजार हलवणारी बाई, ताई, माईकला घाबरते! (एक चमचा पुरला असता, हेही म्हणाल्या.) मी त्यांना रिक्षातच मिठी मारली.

तेव्हा नारळाचं राहू दे, खरं काम हे. रविवारी तुझ्या नणंदेच्या हळदीला आपली सगळी मंडळी तुझ्याकडे जमतील, त्यांना सांग की सगुणाबाईंचा आवाज अजून आलेला नाही, येईल असं वाटतही नाही. पुढच्या सभेतही मलाच बोलायचंय. भीती वाटली जाम, पण मजाही आली गं. सासूबाई तयार आहेत, बाहेर गप्प राहीन म्हणाल्यात. पण आत्ताच ओट्यावरून ओरडल्या, भात करपला म्हणून, आणि चार घरांतल्या बायकांनी आपापला भात बघितला. तेव्हा जरा लवकर कर.