धूर मी बघते

९ मार्च, रविवार दुपार

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तू बरी असशील असं धरून चालले आहे. फोनवर माझं नाव दिसलं की तू फोन पालथा घालतेस, असं मावशी म्हणाली. म्हणून पत्र.

“ताई, तू सुकाणू धर, मी धूर बघते.” हे तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा तुझं डोकं होडीच्या काठाच्या वर जेमतेम यायचं. इंजिन सुरू केलं की एकानं पुढे बघायचं आणि एकानं मागे, हा बाबांचा नियम. धुराची नळी पार मागे, पाण्यालगत. सुकाणूवरच्या माणसाला ती दिसतच नाही. तू पोटावर झोपून खाली डोकवायचीस आणि तिथून बातम्या द्यायचीस. पांढरा धूर म्हणजे आत्या, पावडर थापून आली. निळा म्हणजे मामा, विडी ओढतोय. आणि काळा? “बाबा, ताई चिडली!” बाबा हसून बेजार व्हायचे आणि मी खरोखरच चिडायचे.

इकडे सगळं ठीक. बाबांची भूक जरा सुधारली आहे. खिडकीशी बसतात, धक्क्यावरच्या होड्यांना नावं ठेवतात. स्वयंपाकघरातला नळ परत गळायला लागला आहे. तू बसवलेला वॉशर बरीच वर्षं टिकला, म्हणायचं.

एक विचारायचं होतं. आपलं इंजिन हळू चालवलं तर काही नाही, पण वेग वाढवला की मागे काळा लोट उठतो आणि जोर जातो. इंजेक्टर तू साफ केलेच होतेस, फिल्टरही नवा. पाण्याखालच्या पंख्याला शिंपले धरले असतील म्हणून तेही खरवडून घेतले. तरी तेच. कशानं होत असेल?

वरचं खोडणार होते. राहू दे. इतक्या महिन्यांनी तुला पत्र लिहायला बसले, आणि त्यातही आधी खोटंच लिहिलं, हे तुला दिसलेलं बरं. धूर आता येत नाही. केव्हाच थांबला. कशानं येत होता तेही मला माहीत आहे.

तू इंजिन नीट करून दिलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांना समुद्रावर न्यायचं ठरवलं होतं. त्यांना केबिनमध्ये आडवं राहावं लागणार होतं, आणि इंजिनाची पेटी तर उशाशीच. “हा आवाज माझ्या कानात खिळे ठोकतो गं,” असं ते मागच्या खेपेला म्हणाले होते. म्हणून मी जुन्या गादीतला फोम कापला आणि पेटीत आतून चारी बाजूंना दाबून बसवला. छान बसला. माझं मलाच कौतुक वाटलं. बाजूची जाळी त्याखाली झाकली गेली. इंजिन तिथून हवा घेतं, हे बाबांनी आपल्याला अक्षरं शिकायच्या आधी शिकवलं होतं. पण मी तेव्हा बाबांच्या कानांचा विचार करत होते. निदान स्वतःला तसं सांगते.

पुढचं तू पाहिलंसच. बंदराच्या तोंडाशी इंजिनानं मान टाकली, मागे काजळीचा पडदा, बाबा खोकून खोकून लाल झालेले, आणि मासेमारीच्या होडीनं आम्हाला दोर लावून ओढत आणलं. सगळा धक्का बघायला उभा. मला इतकं ओशाळवाणं झालं की ते कुणाच्या तरी अंगावर टाकल्याशिवाय मला जमिनीवर पाय ठेवता येईना. तू काकांच्या वर्कशॉपच्या दारात उभी होतीस. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “हिच्या हातात इंजिन दिलं, तिथंच चुकलं. आज बाबा गेले असते.”

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू एवढंच विचारलंस, “ताई, पेटी उघडून बघितलीस का?”

मी “हो” म्हणाले.

बघितली नव्हती. आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास. “मग माझ्याच हातून काहीतरी राहिलं असेल,” म्हणालीस. त्यानंतर धक्क्यावरचं एकेक गिऱ्हाईक तुझ्याकडून दुसऱ्याकडे गेलं, आणि एका सकाळी तू पाने-पकडी पिशवीत भरून निघून गेलीस. मी गॅलरीतून बघत होते. हाक मारली नाही.

फोम सापडला तो नवा मेकॅनिक यायच्या दिवशी. परक्या माणसाला घाण दिसू नये म्हणून पेटी पुसायला उघडली, तर तो जाळीला चिकटून बसलेला, काळाठिक्कर. ओढून काढला, इंजिन सुरू केलं, वेग वाढवला. मागे जाऊन बघितलं तर नुसतं पाणी. मी मेकॅनिकला कळवलं, “येऊ नका, आपोआप बरं झालं.” आपोआप.

काल वर्कशॉपवाल्या काकांना जाऊन खरं सांगितलं. तिथं चहाला जमलेल्या सगळ्यांसमोर, कारण तेव्हाही सगळ्यांसमोरच बोलले होते. कुणी कपातून वर बघेना. काकांनी हात पुसले. मग म्हणाले, “तिचं टेबल तसंच आहे. पण मी कुठल्या तोंडानं बोलावू? मीही ऐकूनच घेतलं ना.”

घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, “माझ्या कानांसाठी केलंस होय,” आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. रात्री जेवताना विचारलं, “मागे कोण असतं गं आता, होडीवर?” मी म्हणाले, कुणी नाही.

माफ कर असं लिहीत नाही. माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझंही मीच टाकल्यासारखं होईल. काकांचं टेबल आहे, ते तुझं तू ठरव. तो माझा निरोप नाही.

मला एकच मागायचं आहे. तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मी असते तर पत्र इथवर वाचलंही नसतं. तरी मागते. एकदा ये. सुकाणू तू धर, धूर मी बघते. जे दिसेल ते सांगेन.

ताई