काट्यावरचा भात

पेण, बुधवार संध्याकाळ

सुगंधाबाईंनी आमच्या आहार-पाहणीच्या प्रश्नावलीत दुपारचा भात दोन वाट्या सांगितला होता. खरंच तेवढा खातात का, ते पडताळायला आज गागोद्याला त्यांच्या घरी काटा घेऊन गेले. वाढलेला भात तोलला. बरोबर दोन वाट्या! परक्यासमोर जेवायला त्या लाजतात, म्हणून मी पडवीत बसले. ताट रिकामं आलं. मग पाणी प्यायला आत गेले, तर तो भात पुन्हा टोपात.

"हे शिफ्टवरून येतील, त्यांना नको व्हय?"

"मग दोन वाट्या का सांगितल्या?"

"कमी सांगायला बरं दिसत नाय, ताई."

आजवर मी तोललेला किती भात असाच टोपात गेला असेल? प्रश्नावली बिनचूक ठरणार, आणि बाई उपाशी.

निघताना त्यांनीच काळजीनं विचारलं, "जुळलं ना, ताई?"

जुळलं, म्हणाले मी.