गोणपाटाखालची चौथी ओळ

१२ डिसेंबर
गावाहनं, कळसवरनं पहिल्या एस्टीनं बारामती. रोपवाटिकेत पाणी धरलं. संशोधन करणाऱ्या पल्लवीमॅडमनी वांग्याच्या पाच ओळी उघड्यावर ठेवल्यात, थंडी खायला. म्हणं थंडी लागली की झाड आतल्या आत प्रथिनं बनवतं, त्यावर तगतं. कुठलं वाण किती बनवतं ते बघायचंय. चौथी ओळ माझ्या घरच्या काटेरी वांग्याची. बी मीच दिलं, बढाई मारून. टिकलं तर पुढं वाढवणार, न्हायतर बाद.

१५ डिसेंबर
गारठा लय. चौथ्या ओळीची पानं मलूल. जाताना गोणपाट टाकलं. सकाळी मॅडम यायच्या आत काढीन. आपल्याच ओळीवर. बाकीच्यांचं त्यांच्या मालकांनी बघावं.

१८ डिसेंबर
रोज टाकते. आज मॅडमनी पानं खुडून धूर निघणाऱ्या नायट्रोजनमधी बुडवली. काचंवानी कडक. मग खलात कुटली. एवढं कुटून चटणी बी न्हाय, म्हणलं. हसल्या.

२४ डिसेंबर
मॅडमनी कुटलेल्या पानांच्या तपासणीचा फोटो दाखवला. चार ओळींना काळं पट्टं, ती प्रथिनं. आमची जागा कोरी. "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं वाण थंडीत काहीच बनवत नाही."
एवढं हळू बोलल्या, जणू माझ्या घरचं कोण गेलंय. बरं म्हणलं.
एस्टीत बसल्यावर डोस्क्यात आलं. थंडी लागूच दिली न्हाय, तर बनवंल कशाला?

२६ डिसेंबर
चौथी ओळ उपटायला मलाच सांगितलं. खुरपं घेऊन बसले. एक बी रोप उपटलं न्हाय. उठून मॅडमकडं गेले.
"मॅडम, मी गोणपाट टाकत हुते त्यांच्यावर."
"किती दिवस?"
"पानं खुडली तवर, तीन रात्री."
उद्यापासनं येऊ नका म्हणणार, असंच वाटलं. निघताना म्हणाल्या, ट्रेमधली उरलेली रोपं लावू, पाची वाणांची. परत थंडी पडली तर पुन्हा तपासू. "आणि मावशी, गोणपाटं सगळी माझ्या खोलीत आणून टाका."
टाकली. मोजून घेतली बाईनं.

३ जानेवारी
रोपं लावून आठ दिस. आभाळ. उकडतंय. थंडीत माझं गुडघं धरत्यात, तरी वाट बघतीय. मॅडम सारखा मोबाईलमधी हवामान बघत्यात. त्यांना म्हणलं, बघून पडत न्हाय ती.

५ जानेवारी
आभाळ फाकलं. सांजच्याला वारं फिरल्यासारखं वाटलं. चौथ्या ओळीपाशी स्वेटर काढून हुभी राहिले, थंडी लागतीय का बघायला. एस्टी गेली.